मधल्या सुट्टीतला न्यायनिवाडा

कोणत्याही कचेरीत, शाळेत, बँकेच्या शाखेत किंवा एस. टी.च्या आगारात मधल्या सुट्टीत डबे उघडले की वर्तमानपत्रातील ठळक बातमीवर चर्चा सुरू होते. पण एखाद्या अत्याचारातील आरोपी पोलिसांच्या गोळीने मेल्याची बातमी असली, तर त्या दिवशी चर्चा होत नाही. थेट निकाल जाहीर होतो. "बरे झाले, एकदाची पीडा टळली," असे एक जण म्हणतो, पोलिसांना पेढे वाटले पाहिजेत असे दुसरा सुचवतो आणि टेबलाभोवतीच्या माना डोलू लागतात. अशा वेळी एखादा सहकारी चाचरत म्हणतो की, घडल्या प्रकाराची चौकशी व्हायला हवी. लगेच सर्वांच्या नजरा त्याच्याकडे अशा वळतात की, जणू मूळ गुन्हा त्यानेच केला आहे. "तुमच्या घरात मुलीबाळी नाहीत काय?" असा प्रश्न त्याला विचारला जातो आणि तो बिचारा डब्यात तोंड खुपसून गप्प बसतो.

ही माना डोलावणारी मंडळी प्रतिगामी असती, तर या पानावर त्यांची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु त्यांतील अनेक जण युनियनचे वर्गणीदार सभासद असतात. महागाईविरोधी मोर्चात ते घोषणा देतात, कंत्राटी पद्धतीविरुद्ध द्वारसभेला उभे राहतात, आणि एरवी सरकारच्या कोणत्याही पत्रकावर विश्वास ठेवत नाहीत. नेमके पोलीस ठाण्यातून निघालेले पत्रकच त्यांना वेदवाक्य का वाटावे? मालकाने दिलेल्या हिशेबाचा आकडा न् आकडा तपासणारा कामगार "आरोपीने पिस्तूल हिसकावले म्हणून गोळी झाडावी लागली" हे वाक्य मात्र न तपासता कसे स्वीकारतो? हा वाद घरातला आहे आणि म्हणूनच तो टाळता येण्यासारखा नाही.

प्रथम एक गोष्ट निःसंकोचपणे मान्य केली पाहिजे. या सहकाऱ्यांचा संताप खोटा नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा त्यांच्या पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी पोलीस ठाण्यात तासन्‌तास ताटकळत बसावे लागले. २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, ते उगाच नव्हे. ज्या आईबापांची दाद ठाण्याच्या पायरीवरच अडते, त्यांना कायद्याच्या संथ चालीवर प्रवचन देणे हा क्रूरपणा होईल. त्या दिवशीचा लोकांचा राग न्याय्य होता, यात शंका नाही.

पण तो राग कोणावर होता, याचा विसर फार लवकर पडला. तक्रार नोंदवण्यात दिरंगाई पोलिसांची होती. मुलींच्या सुरक्षिततेची जबाबदारी शाळेच्या व्यवस्थापनाची होती. आरोपी होता शाळेत कंत्राटी पद्धतीने नेमलेला एक सफाई कामगार. त्याच्यावरील आरोप भयंकर होता आणि तो सिद्ध झाला असता, तर कठोरातील कठोर शिक्षा त्याला झालीच पाहिजे होती. २३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंब्रा बाह्यवळण रस्त्यावर पोलिसांच्या गाडीतच तो पोलिसांच्या गोळीने मारला गेला. दुसऱ्या दिवशी "बदला पुरा" असे फलक झळकले. सूड पूर्ण झाला असे ते फलक सांगत होते. न्याय झाला असे मात्र त्या फलकांनाही म्हणवले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

त्या एका गोळीने काय काय संपले, याचा हिशेब मधल्या सुट्टीत कोणी मांडला नाही. मुख्य आरोपीवरचा खटला संपला. त्या खटल्यात त्याची उलटतपासणी झाली असती, शाळेत कोणाला काय ठाऊक होते व कोण गप्प बसले हे शपथेवर विचारले गेले असते, पोलिसांच्या दिरंगाईचा तपशील नोंदला गेला असता. आता त्या मुलींना मोठेपणी दाखवता येईल असा निकालाचा एक कागदही उरला नाही. ज्यांना आपली जबाबदारी झाकायची होती, त्यांची मात्र सोय झाली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने पोलिसांचा स्वसंरक्षणाचा दावा संशयास्पद ठरवला आणि गाडीतील पाच पोलिसांवर त्या मृत्यूची जबाबदारी ठेवली. अहवाल म्हणजे शिक्षा नव्हे, हे येथे तत्काळ सांगितले पाहिजे. त्या पाच जणांना वकील मिळाला पाहिजे, आपली बाजू मांडण्याची पुरेपूर संधी मिळाली पाहिजे आणि गुन्हा सिद्ध होईपर्यंत त्यांना निर्दोषच मानले पाहिजे. गाडीत मारल्या गेलेल्या माणसालाही एवढेच मिळायला हवे होते. याहून काडीभर अधिक कोणी मागितलेले नाही.

बदलापूर हा अपवाद आहे, असे वाटणाऱ्यांनी हैदराबाद आठवावे. नोव्हेंबर २०१९ मध्ये त्या शहराजवळ एका तरुण पशुवैद्य स्त्रीवर बलात्कार होऊन तिची हत्या झाली. ६ डिसेंबरच्या पहाटे चारही आरोपी चकमकीत ठार झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली, आणि संसदेच्या सभागृहातही त्या कृत्याचे समर्थन करणारे आवाज निघाले. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते विदर्भातून पुढे आलेले माजी न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर. मे २०२२ मध्ये या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. पोलिसांची कहाणी विश्वास ठेवण्याजोगी नाही, आरोपींवर ठार मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या गेल्या, आणि मारल्या गेलेल्या चौघांपैकी तिघे अल्पवयीन होते, असे निष्कर्ष आयोगाने नोंदवले. फुले उधळणाऱ्यांपैकी कितींनी तो अहवाल वाचला असेल? ते चौघे खरोखरच गुन्हेगार होते काय, हा प्रश्न आता कोणतेही न्यायालय सोडवू शकणार नाही. त्या स्त्रीच्या मृत्यूचा न्यायनिवाडा कायमचा अपुरा राहिला आहे.

यावर सहकाऱ्यांचे पहिले उत्तर ठरलेले असते. "न्यायालयात वीस वीस वर्षे लागतात, तोवर थांबायचे काय?" प्रश्न रास्त आहे. परंतु न्यायाला लागणारा विलंब हा काही पावसासारखा आकाशातून पडत नाही. तो अंदाजपत्रकात दरवर्षी तरतूद करून निर्माण केला जातो. विधी आयोगाने १९८७ साली आपल्या १२०व्या अहवालात दर दहा लाख लोकसंख्येमागे न्यायाधीशांची संख्या ५० पर्यंत नेण्याची शिफारस केली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हेच उद्दिष्ट पाच वर्षांत गाठण्यास सांगितले. आजही मंजूर पदांचे प्रमाण २१च्या आसपास घुटमळते आहे, आणि मंजूर पदांपैकी अनेक जागा रिकाम्याच असतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत नमुने पडून राहतात, सरकारी वकिलांवर खटल्यांचा डोंगर असतो, समन्स बजावायला पोलीस शिपाई मिळत नाही. दवाखान्यात डॉक्टर नाही म्हणून रुग्णाचा गळा दाबावा, असे कोणी म्हणत नाही. डॉक्टरची मागणी करण्यासाठी मोर्चा काढतात. मग न्यायालयात न्यायाधीश नाही म्हणून आरोपीला गोळी घालावी, हे तर्कशास्त्र कोठून आले? सरकारच्या दृष्टीने गोळी स्वस्त आहे. न्यायाधीश, प्रयोगशाळा, प्रशिक्षित तपास अधिकारी आणि पीडितेचे पुनर्वसन हे सगळे महाग आहे. गोळीवर टाळ्या वाजवणारा नागरिक सरकारला महागड्या कर्तव्यातून मोकळे करतो, आणि तेही विनामूल्य.

स्वस्ताईचे हे गणित जुने आहे. १८५५ साली मद्रास इलाख्यातील छळाच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने आपला अहवाल दिला. गुन्ह्याच्या कबुलीसाठी ज्या रीतीने माणसांना पिळले जाई, त्याच रीतीने शेतसारा वसूल करण्यासाठी रयतेलाही पिळले जाई, हे त्या अहवालातून उघड झाले. कारण वसुली आणि पोलिसी ही दोन्ही कामे त्याच त्या अंमलदारांच्या हाती होती. ज्या हाताला एकाला मारण्याची मोकळीक मिळते, तो हात दुसऱ्यापाशी येऊन थांबत नाही. पुढे १८७२च्या पुरावा कायद्यात पोलिसांपुढे दिलेली कबुली पुरावा म्हणून अग्राह्य ठरवण्यात आली, याचे मर्म हेच. परकीय सरकारचाही आपल्या ठाण्यांतील कबुलीवर विश्वास नव्हता. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. म्हणजे दीडशे वर्षे कायदा सांगतो आहे की, मारून घेतलेल्या कबुलीला काडीचीही किंमत नाही. आणि दीडशे वर्षे ठाण्यात मार चालूच आहे.

तो का चालू आहे? यंत्रणेतील सगळी माणसे दुष्ट आहेत म्हणून नव्हे. तपास हे वेळखाऊ, कौशल्याचे काम आहे आणि ते करण्यासाठी लागणारा वेळ व साधने ठाण्यात नसतात. २०१९च्या एका देशव्यापी पाहणीत पोलीस कर्मचारी दिवसाला सरासरी १४ तास काम करतात असे आढळले होते. बंदोबस्त, मंत्र्यांचे दौरे, सणवार, मिरवणुका यांतून उरलेल्या वेळात "चोवीस तासांत गुन्ह्याचा छडा लावा" असा वरून आदेश येतो. मग पंचनामा, ठसे, साक्षी यांच्याऐवजी पट्टा हाती घेतला जातो. मार हा तपासाला काढलेला आडमार्ग आहे आणि या आडमार्गावर पहिला सापडतो तो ज्याच्यामागे कोणी नाही असा माणूस. गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने त्यांच्या कपाळी मारलेला शिक्का १९५२ मध्ये कायदा रद्द होऊनही ठाण्याच्या मनातून पुसला गेलेला नाही.

येथे दुसरे उत्तर येते: "पोलीस जिवावर उदार होऊन काम करतात, आणि तुम्ही गुन्हेगारांची बाजू घेता." जो सहकारी असे म्हणतो, त्याला १९८२चा ऑगस्ट महिना माहीत असला पाहिजे. गिरणी संप चालू असतानाच १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईच्या पोलीस शिपायांनी आपल्या मागण्यांसाठी बंड पुकारले. कामाचे तास, घरे, वेतन, साहेबांच्या घरची वेठ, अशाच त्या मागण्या होत्या. संपकरी गिरणी कामगारही त्या दिवशी रस्त्यावर उतरले होते. सरकारने सैन्य बोलावले, पोलिसांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली आणि अनेकांना बडतर्फ केले. आज जे सरकारी प्रवक्ते पोलिसांच्या शौर्याचे गोडवे गातात, त्यांनी त्या शिपायाला युनियनचा हक्क द्यावा, आठ तासांची पाळी द्यावी. हे ते देणार नाहीत. ते त्याच्या हाती पिस्तूल देतील, त्याच्याकडून बेकायदा काम करून घेतील, आणि प्रकरण अंगाशी आले की आरोपीच्या पिंजऱ्यात तोच शिपाई एकटा उभा राहील. पोलीस शिपायाचा खरा मित्र त्याला बेकायदा हुकूम नाकारण्याची ताकद मिळवून देतो. त्याच्या हातून झालेल्या हत्येवर पेढे वाटणारा त्याचा मित्र नव्हे.

शिवाय ज्या हत्येचा जाब कोणी विचारत नाही, तिचा बाजार भरायला वेळ लागत नाही. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत सुमारे ९९ चकमकींत सुमारे १३५ माणसे मारली गेली. त्यासंबंधीच्या याचिकेवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिले. प्रत्येक चकमकीचा स्वतंत्र तपास व दंडाधिकारी चौकशी झाली पाहिजे, आणि घटनेनंतर लगोलग कोणालाही बढती वा शौर्यपदक देऊ नये, असे त्यांत आहे. बक्षिसाचा मोह चकमकी घडवतो, हे न्यायालयाला उमगले. पेढे वाटणाऱ्या मंडळींना ते अजून उमगायचे आहे. त्याच मुंबईत २००६ साली झालेल्या एका चकमकीबद्दल तेरा पोलिसांना २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने दोषी ठरवले, आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने "चकमकफेम" म्हणून गाजलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्यालाही जन्मठेप सुनावली. मालमत्तेच्या व्यवहारातील वैमनस्यातून पोलिसांकरवी हा खून करवला गेला, असे सरकारपक्षाचेच म्हणणे होते. गुंडांचा कर्दनकाळ म्हणून ज्यांची चित्रे छापली गेली, त्यांच्याविषयी न्यायालयात हे सांगितले गेले.

तिसरे उत्तर भावनेला हात घालते. "बायकामुलींच्या अब्रूसाठी एवढे चालायचेच," असे म्हटले जाते. या महाराष्ट्रात तरी हे म्हणताना जीभ अडखळली पाहिजे. २६ मार्च १९७२ रोजी तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाला. तो कोणा गुंडाने नव्हे, तर पोलीस ठाण्याच्या आवारात पोलिसांनीच केल्याची तिची तक्रार होती. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडले, नागपूरच्या उच्च न्यायालयाने दोषी ठरवले, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा निर्दोष सोडले. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा अंगावर नाहीत, हे त्या निकालाचे एक कारण होते. ठाण्याच्या आत, रात्रीच्या वेळी, खाकी वर्दीपुढे एका मजूर मुलीने कसला प्रतिकार करायचा होता? १९७९ मध्ये वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, उपेंद्र बक्षी व लोतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र, अधिक गंभीर गुन्हा ठरला. स्त्री चळवळीने त्या वेळी कोणाच्या डोक्यात गोळी घाला असे म्हटले नाही. ठाण्याचा दरवाजा कायद्यासाठी उघडा, असे ती म्हणत होती. स्त्रियांच्या नावाने ठाण्याला अमर्याद अधिकार देऊ पाहणाऱ्यांनी त्या मुलीची ठाण्यातली रात्र आठवावी.

आता चौथ्या आणि सर्वांत अवघड उत्तराकडे वळले पाहिजे, कारण ते चळवळीच्या आतून येते. काही जाणते कार्यकर्ते म्हणतात: पोलीस हे सत्ताधारी वर्गाचेच हत्यार आहे, भांडवली राज्यात त्याच्याकडून दुसरी अपेक्षा काय करावी? मूळ व्यवस्था बदलली की हेही बदलेल. तोवर लोकांच्या भावनेविरुद्ध जाऊन, एका बदमाशासाठी, जनाधार कशाला गमवावा?

हा युक्तिवाद ऐकायला क्रांतिकारक आणि वागायला अतिशय सोयीचा आहे. हत्यार शत्रूचे आहे हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तर त्याची धार बोथट करण्यासाठी सर्वांआधी धावले पाहिजे. कायद्याची जी थोडीफार कवचे आज गरिबाच्या अंगावर आहेत, ती कोणी दान दिलेली नाहीत; स्वातंत्र्याच्या लढ्यात तुरुंग भोगलेल्या माणसांनी ती घटनेच्या २०, २१ आणि २२ या कलमांत लिहवून घेतली. समाजवाद्यांना तरी याची वेगळी आठवण करून देण्याची गरज पडू नये. आणीबाणीत १९७६च्या मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांचा ठावठिकाणा काढून घेण्यासाठी त्यांचे बंधू लॉरेन्स यांना बंगळूरच्या पोलिसांनी पकडून त्यांचा अमानुष छळ केला. त्याच वर्षी कालिकतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याचा कक्कयमच्या पोलीस छावणीत छळ होऊन मृत्यू झाला. त्याच्या वडिलांना मुलाचा देहसुद्धा मिळाला नाही. त्या वेळीही शेजारीपाजारी म्हणत होते की, काहीतरी केल्याशिवाय पोलीस कशाला नेतील?

आणि जनाधाराचे म्हणाल, तर भागलपूर विसरता येत नाही. १९७९-८० या काळात बिहारमधील त्या जिल्ह्यात तीसहून अधिक कैद्यांचे डोळे पोलिसांनी सुईने फोडले आणि त्यांत आम्ल ओतले. १९८० मध्ये ही बातमी फुटली व काही पोलीस निलंबित झाले, तेव्हा भागलपूरच्या रस्त्यांवर मोर्चे निघाले, पण ते निघाले पोलिसांच्या समर्थनार्थ! गुंडगिरीला विटलेले ते सामान्य लोकच होते. म्हणून काय ते कृत्य लोकशाहीचे ठरले? सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात गरीब आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यापुढे उभे करतानाच सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, असे बजावले. पैसे नाहीत ही सबब सरकारला चालणार नाही, असेही सांगितले. डोळे गेलेल्या त्या माणसांना कोणी वकील दिला नव्हता. त्यांनी तो मागितला नाही, एवढे कारण दंडाधिकाऱ्यांना पुरले होते. लोकांची भावना त्या दिवशी चुकीची होती. तिच्याविरुद्ध उभे राहणारे मूठभर होते आणि आज प्रत्येक गरीब कैद्याच्या हाती जो हक्क आहे, तो त्या मूठभरांमुळे आहे.

मारले कोण जातात, हा अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे. २०२२च्या अधिकृत आकडेवारीप्रमाणे देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती आणि त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार कैद्यांतील तिघांचा गुन्हा सिद्धच झालेला नव्हता. त्यांतील बहुसंख्य दहावीपर्यंतही शिकलेले नाहीत. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळत नाही म्हणून कित्येक आत राहतात. बँका बुडवणारा उद्योगपती चकमकीत मेल्याचे कोणी ऐकले आहे काय? त्याच्यासाठी कायद्याची प्रत्येक पायरी जागेवर असते. त्याला नामांकित वकील मिळतो, वैद्यकीय तपासणी होते, घरचा डबा येतो, तारखेवर तारीख पडते. कायद्याची ही पायऱ्यापायऱ्यांची वाट श्रीमंतांना राखीव ठेवायची आणि गरिबांना थेट गोळी, ही विषमता ज्याला खुपत नाही, त्याला वेतनातील विषमता तरी का खुपावी?

याचा ताजा धडा महाराष्ट्राला मिळालेला आहे. बदलापूरच्या आरोपीवर गोळी झाडली गेली ती २३ सप्टेंबर २०२४ला. त्यानंतर अवघ्या ८३ दिवसांनी, १५ डिसेंबरला परभणीत वडार समाजातील, कायद्याचे शिक्षण घेणारा एक तरुण कोठडीत मरण पावला. डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, म्हणून पाळलेल्या बंदनंतरच्या धरपकडीत तो पकडला गेला होता. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अंगावरील अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे मृत्यूचे कारण नोंदले होते. दोषी पोलिसांवर गुन्हा नोंदवावा, एवढ्यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जावे लागले. जुलै २०२५ मध्ये तो आदेश झाला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. सप्टेंबरात ज्यांनी पेढे वाटले, त्यांतील कित्येक जण डिसेंबरात निषेधाच्या सभेला आले होते. त्यांचा निषेध खरा होता. पण दोन्ही वेळी यंत्रणा तीच होती, आणि सप्टेंबरातील टाळ्यांनी तिला कोणती शिकवण दिली, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारायचा आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? सहकाऱ्यांना तुच्छ लेखून हा वाद जिंकता येणार नाही. त्यांचा राग मान्य करावा आणि त्याला योग्य पत्ता द्यावा. अत्याचार झाला, की पीडितेच्या कुटुंबासोबत पहिल्या दिवशी ठाण्यात जावे. तक्रारीची नोंद होईपर्यंत तेथून हलू नये, आणि निकाल लागेपर्यंत प्रत्येक तारखेला न्यायालयात तिच्या आईबापांशेजारी बसावे. जेथे चळवळ अशी उभी राहील, तेथे "गोळी घाला" ही मागणी आपोआप क्षीण होईल, कारण त्या मागणीचे मूळ एकाकीपणात आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६च्या बसू खटल्यात अटकेचे नियम ठरवून दिले. अटकेचा मेमो साक्षीदाराच्या सहीने तयार झाला पाहिजे, नातेवाइकाला कळवले पाहिजे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. हे नियम प्रत्येक युनियनच्या फलकावर मराठीत लागावेत. डिसेंबर २०२०च्या आदेशाप्रमाणे आपल्या तालुक्याच्या ठाण्यात कॅमेरे बसले आहेत काय आणि बसले असल्यास चालू आहेत काय, हे लेखी विचारावे. भारताने १९९७ साली छळविरोधी आंतरराष्ट्रीय करारावर सही केली, पण त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही. २०१०चे छळप्रतिबंधक विधेयक लोकसभेत संमत होऊनही पुढे बारगळले. या प्रश्नावर मते मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला जाहीर सभेत उभे करून उत्तर मागावे. न्यायाधीशांची रिकामी पदे भरा, आणि पोलीस शिपायाला आठ तासांची पाळी व संघटनेचा हक्क द्या, या दोन मागण्या एकाच पत्रकात छापाव्यात. त्या परस्परविरोधी नाहीत, हे लोकांना तेव्हाच पटेल.

आणि मधल्या सुट्टीत गप्प बसलेल्या त्या सहकाऱ्याने पुन्हा बोलावे. मोठे भाषण करण्याचे कारण नाही. उद्या संपाच्या काळात गेटवरून उचलून नेलेल्या आपल्यापैकीच एखाद्याने पोलिसाचे पिस्तूल हिसकावले असे पत्रक निघाले, तर या टेबलाभोवतीचे किती जण ते खरे मानतील, एवढेच त्याने विचारावे. उत्तरासाठी घाई करू नये. डबे बंद करून मंडळी कामाला लागली, तरी तो प्रश्न त्यांच्यासोबत जाईल. संध्याकाळी सुटीच्या वेळी निदान एक तरी जण त्याच्याजवळ येऊन थांबेल. संघटनेचे काम तेथूनच सुरू होते.